ऑगस्ट २००२ हा चमत्कार नव्हता : कानपूरच्या एका सिद्धतेमागील शिक्षकांचा इतिहास

१/
८ ऑगस्ट २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक बातमी झळकली. आयआयटी कानपूरच्या तिघांनी गणितातला एक फार जुना प्रश्न सोडवला होता: दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि वेगाने कसे ठरवावे? मणींद्र अग्रवाल हे प्राध्यापक. नीरज कयाल आणि नितीन सक्सेना हे नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे विद्यार्थी. तेव्हापासून ही कथा एकाच साच्यातून सांगितली जाते: दोन तरुण, एक उन्हाळा आणि एक चमत्कार. आजचा धागा त्या साच्याविरुद्ध आहे.

२/
ही कथा खोटी नाही. ती अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण घातक आहे. या कथेवर वाढलेल्या पिढीला वाटते की, शोधासाठी बुद्धी आणि दोन-तीन महिने पुरतात. शिक्षक, संस्था, फसलेले प्रयत्न आणि वाट पाहण्याची तयारी हे सारे तिच्यातून गळून पडते. मग विद्यापीठांचे नियम करणारेही तसेच समजू लागतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे: २००२ ची सिद्धता हे अध्यापनाचे फळ होते, आणि ज्या व्यवस्थेने ते पिकू दिले तिची मुळे आज आपण आपल्याच हातांनी तोडत आहोत. पुरावे पुढे क्रमाने मांडतो.

३/
आधी प्रश्न समजून घेऊ. १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला कोणी नि:शेष भागत नाही ती मूळ संख्या. तपासण्याची शाळकरी रीत म्हणजे भागून पाहत जाणे. परंतु संख्या १०० अंकी असेल, तर ५० अंकी संख्यांपर्यंत भागत जावे लागेल. दर सेकंदाला एक अब्ज भागाकार करणारे यंत्र घेतले तरी लागणाऱ्या सेकंदांची संख्या एकावर सुमारे ४१ शून्ये इतकी होते. विश्वाचे आजवरचे वय सेकंदांत मोजले तर १८ अंकी संख्या येते. म्हणजे रीत बरोबर आहे, पण निरुपयोगी. गाउसने १८०१ सालच्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न अंकगणितातल्या अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नांत गणला होता.

४/
सतराव्या शतकात फर्माने एक सुंदर गुणधर्म दिला होता. मूळ संख्या घ्या. कोणत्याही पूर्णांकाचा तितकावा घात करून त्यातून तोच पूर्णांक वजा करा. उत्तराला ती मूळ संख्या नि:शेष भागते. ही कसोटी वेगाने लावता येते. अडचण अशी की काही तोतयेही तिच्यात उत्तीर्ण होतात. ५६१ ही संख्या ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार आहे. तरीही कोणताही पूर्णांक घेतला तरी ती या कसोटीला उतरते. अशा तोतया संख्या अनंत आहेत, हे १९९४ साली सिद्ध झाले.

५/
विसाव्या शतकात प्रयत्नांची रांगच लागली. १९७५ मध्ये प्रॅटने दाखवले की, एखादी संख्या मूळ असल्याचा छोटा, पडताळण्याजोगा दाखला नेहमी असतो. १९७६ मध्ये मिलरने वेगवान रीत दिली, परंतु ती रीमानच्या गृहीतकाच्या एका व्यापक रूपावर उभी होती, आणि ते आजही सिद्ध झालेले नाही. सोलोवे-स्ट्रासेन यांनी १९७७ मध्ये आणि राबिन यांनी १९८० मध्ये यादृच्छिक रीती दिल्या. त्यांत चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते, शून्य मात्र करता येत नाही. १९८३ मध्ये ॲडलमन, पॉमरन्स आणि रुमली ध्येयाच्या अगदी जवळ पोहोचले. खात्री, वेग आणि गृहीतकापासून मुक्ती या तिन्ही अटी एकत्र मात्र कोणालाच साधल्या नव्हत्या.

६/
त्या तिन्ही कानपूरला साधल्या. मूळ मसुदा अवघा ९ पानांचा होता आणि त्याचे शीर्षक होते ‘प्राइम्स इज इन पी’. ‘पी’ म्हणजे असे प्रश्न, ज्यांच्या उत्तराला लागणारा वेळ प्रश्नाच्या लांबीच्या एखाद्या ठरावीक घातापेक्षा अधिक वाढत नाही. निबंध २००४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये त्याला गोडेल आणि फुल्कर्सन हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. बातमीदारांची कथा इथे संपते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र इथून मागे चालायला सुरुवात करावी.

७/
पहिला थांबा: १९९९. मणींद्र अग्रवाल आणि सोमनाथ बिस्वास यांनी मूळ संख्या तपासण्याची एक नवी यादृच्छिक रीत मांडली. तिचा पाया आपल्या ओळखीचा आहे. पिंगलाच्या छंदशास्त्रावरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार समजावून सांगितला. पाठ्यपुस्तके त्याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. त्यातली ७ ची ओळ पाहा: दोन्ही टोकांचे १ सोडले तर ७, २१, ३५, ३५, २१, ७. सगळ्यांना ७ ने भाग जातो. आता ६ ची ओळ: ६, १५, २०, १५, ६. इथे १५ अडतो. ओळीतल्या मधल्या सर्व संख्यांना ओळीच्या क्रमांकाने भाग जाणे, हे मूळ संख्येचे अचूक लक्षण आहे. इथे एकही तोतया शिरू शकत नाही.

८/
पण १०० अंकी क्रमांकाची ओळ लिहायची कोणी? तिच्यातल्या पदांची संख्याच १०० अंकी. अग्रवाल-बिस्वास यांची युक्ती अशी की, संपूर्ण बहुपदी न लिहिता तिला यदृच्छया निवडलेल्या एका लहान बहुपदीने भागावे आणि फक्त बाक्या ताडून पाहाव्यात. संख्या मूळ नसेल, तर बहुधा पकडली जाते. ‘बहुधा’ एवढा एकच शब्द उरला होता. २००२ चे सारे यश म्हणजे तो शब्द पुसून टाकणे होय.

९/
आता एक तपशील, जो बातम्यांत क्वचितच येतो. सोमनाथ बिस्वास हे अग्रवाल यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. ती पदवी १९९१ ची, आणि तीही कानपूरचीच. म्हणजे पदवीनंतर आठ वर्षांनी गुरू आणि शिष्य एकत्र बसून लिहीत होते. या आठ वर्षांचा हिशेब कोणत्या तक्त्यात भरायचा? एका शिक्षकाने एक विद्यार्थी घडवला, तो विद्यार्थी शिक्षक होऊन त्याच संस्थेत परतला, आणि दोघांचा संवाद तुटला नाही. संशोधनाची खरी यंत्रसामग्री हीच होती.

१०/
दुसरा थांबा: २००१. रजत भट्टाचार्जी आणि प्रशांत पांडे या बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांनी अग्रवाल यांच्या हाताखाली प्रकल्प केला. यदृच्छया बहुपदी निवडण्याऐवजी ठरावीक, साध्या आकाराची बहुपदी घेतली तर काय होते, हे त्यांनी तपासले. त्यातून एक अटकळ निघाली. पुढच्या वर्षी कयाल आणि सक्सेना यांनी आपल्या बी.टेक. प्रकल्पात तोच धागा उचलला. म्हणजे ‘दोन मुलांनी’ कोऱ्या पाटीवर काहीही लिहिले नव्हते. आदल्या तुकडीने पाटी अर्धी भरून त्यांच्या हाती दिली होती.

११/
त्या अटकळीचे पुढे काय झाले? ती आजही सिद्ध झालेली नाही. उलट लेन्स्ट्रा आणि पॉमरन्स यांनी ती बहुधा चुकीची असावी, असे मानायला सबळ कारणे दिली. तरीही तिच्याशी झुंजतानाच २००२ च्या उन्हाळ्यात दृष्टी पालटली. भाजक बहुपदी एकच ठेवावी आणि बहुपदीतला लहान अंक बदलत कसोटी पुन्हापुन्हा घ्यावी. ठरावीक वेळा ती पार पडली, की शंकेला जागाच उरत नाही. चुकीची असू शकणारी अटकळ बरोबर सिद्धतेच्या दारापर्यंत घेऊन गेली. फसलेल्या प्रयत्नांना गुण न देणारी व्यवस्था ही वाट पहिल्याच पावलाला बंद करते.

१२/
इथे शिक्षकाचे धाडस पाहा. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हटला की आपल्याकडे काय दिले जाते? आधीच झालेले, सुरक्षित, तोंडी परीक्षेत बिनधोक पार पडणारे काहीतरी. अग्रवाल यांनी विशी-बाविशीतल्या मुलांपुढे शतकानुशतके न सुटलेला प्रश्न ठेवला, आणि सलग दोन वर्षे ठेवला. पहिल्या तुकडीकडून तो सुटला नाही, म्हणून विषय बदलला नाही. याला मी अध्यापनातील सर्वोच्च पराक्रम मानतो. मुलांच्या बुद्धीवर इतका विश्वास ठेवायला स्वतःच्या विषयावर तितकीच पकड लागते.

१३/
तिसरा थांबा आणखी मागे: १९५९. कानपूरची आयआयटी सुरू झाली ती हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत. पहिले संचालक होते पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. मुंबईच्या व्हीजेटीआयचे प्राचार्यपद सांभाळलेला आणि पवईच्या आयआयटीच्या उभारणीत वाटा असलेला हा मराठी माणूस कानपूरला गेला. आज तिथल्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० हा संगणक आला. तो कुलूपबंद न ठेवता त्यावर विद्यार्थ्यांना हात चालवू देण्यात आले; बाहेरच्या शिक्षकांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी अल्पमुदतीचे वर्ग घेण्यात आले. त्या वर्गांच्या शिक्षकांत व्ही. राजारामन होते. भारतात संगणक शिकवण्याची परंपरा अशा वर्गांतून उभी राहिली.

१४/
याच काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने टिफ्रॅक हा संगणक स्वतः बांधला. तो १९६० मध्ये पूर्ण झाला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पुढे त्याच संस्थेच्या पुढाकाराने १९८१ पासून सैद्धांतिक संगणकशास्त्राची वार्षिक परिषद भरू लागली. पहिली बंगळुरूला झाली. ती आजही भरते. यंत्र, वर्ग, परिषद, ग्रंथालय यांपैकी एकानेही मूळ संख्यांचा प्रश्न सोडवला नाही. परंतु यांपैकी काहीच नसते, तर कानपूरच्या फळ्यापुढे तो प्रश्न घेऊन उभे राहायला कोणी नसते.

१५/
आता आक्षेप. पहिला: ‘परंपरा अनेकांना लाभते, सिद्धता तिघांनीच दिली. प्रतिभेचे श्रेय हिरावून का घेता?’ हिरावून घेत नाही. शेवटची झेप त्या तिघांचीच, आणि ती विलक्षण होती. प्रश्न एवढाच आहे की, झेप घेण्यासाठी पायाखाली जी जमीन होती ती कोणी तयार केली? स्वतः त्या तिघांनी आपल्या निबंधात आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे ऋण नोंदवले आहे. ज्यांचा गौरव करायचा त्यांनीच मान्य केलेले श्रेय आपण कथा रंगवण्यासाठी पुसतो. ही गौरवाची चमत्कारिकच रीत म्हणावी लागेल.

१६/
दुसरा आक्षेप: ‘याचा उपयोग काय? बँकांची आणि संदेशांची गुप्तलिपी आजही जुन्या यादृच्छिक कसोट्यांवरच चालते.’ खरे आहे. कानपूरची रीत व्यवहारात मंद आहे. तिच्या वेगाच्या सूत्रातला घात आरंभी १२ होता, पुढे लेन्स्ट्रा-पॉमरन्स यांनी तो ६ वर आणला, तरीही. पण प्रश्न वेगाच्या शर्यतीचा नव्हता. नशिबाचे फासे टाकल्याशिवाय हे काम वेगाने होऊ शकते का, हा तो मूलभूत प्रश्न होता आणि त्याचे उत्तर ‘होय’ असे मिळाले. फर्माचा गुणधर्मही सुमारे तीनशे वर्षे ‘निरुपयोगी’च होता, आज तुमच्या प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराच्या मुळाशी त्याच जातीचे गणित आहे. उपयोगाची मागणी करणाऱ्याने निदान उपयोगाचा इतिहास तरी वाचावा.

१७/
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: ‘सरकारी पैशावर चालणाऱ्या प्राध्यापकांचे मोजमाप नको का?’ हवे. पण मापणाऱ्याच्या मर्यादा इतिहासाला विचारा. स्टीफन कुक १९६६ मध्ये बर्कलीला रुजू झाले. १९७० मध्ये तिथल्या गणित विभागाने त्यांना कायम नेमणूक नाकारली. ते टोरांटोला गेले आणि १९७१ मध्ये त्यांनी तो निबंध सादर केला, ज्यातून ‘पी विरुद्ध एनपी’ हा संगणकशास्त्राचा आजचा सर्वांत मोठा प्रश्न उभा राहिला. १९८२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बर्कलीतच शिकवणाऱ्या रिचर्ड कार्प यांनी पुढे या निर्णयाची खंत जाहीरपणे बोलून दाखवली. जगातल्या उत्तम विभागांपैकी एकाला, जाणकारांनी भरलेल्या विभागाला, समोरचा माणूस चार वर्षांत ओळखता आला नाही.

१८/
त्याच सिद्धांतापर्यंत सोव्हिएत संघात लिओनिद लेव्हिन स्वतंत्रपणे पोहोचले. त्यांचा निबंध १९७३ चा. ते कोल्मोगोरोव्ह यांचे शिष्य. तरीही त्यांना मॉस्कोत राजकीय कारणांवरून पदवी नाकारण्यात आली. १९७८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि १९७९ मध्ये एमआयटीकडून पीएच.डी. मिळवली. एका ठिकाणी घाईचे माप चुकले, दुसऱ्या ठिकाणी निष्ठेचे. दोन्ही संस्थांनी आपल्या दारात उभे असलेले शतक परत पाठवले. गंमत पाहा: दोघांनाही दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेने जागा दिली, म्हणूनच आज त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. जागा न मिळालेल्यांचा इतिहास लिहायला कागदपत्रेच उरत नाहीत.

१९/
जाणकारांची ही गत, तर तक्त्यांची काय असेल? २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी निबंधांवर, परिषदांवर गुण देणारी एपीआय पद्धत आणली. हेतू प्रामाणिक असेल. परिणाम सर्वांनी पाहिला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळावी लागली. माप निबंधांचे ठेवले. पीकही निबंधांचेच आले. त्यात ज्ञान किती, हे मोजायला तक्त्यात रकानाच नव्हता. एका विद्यार्थ्याला न सुटणाऱ्या प्रश्नापुढे दोन वर्षे धीर देत बसवणाऱ्या शिक्षकासाठीही तो नव्हता.

२०/
आणि आपल्या महाराष्ट्रात? इथे अनेक महाविद्यालयांत शिकवणारी व्यक्ती तासिका तत्त्वावर असते. जितके तास, तितके मानधन. सुटी लागली की उत्पन्न बंद. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. या शिक्षकाकडून आपण कोणती परंपरा अपेक्षितो? पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो दोन तुकड्यांना जोडणारा प्रश्न कसा देणार? अग्रवाल यांना २००१ आणि २००२ ही दोन्ही वर्षे एकाच फळ्यापुढे उभे राहता आले. हे साधे वाक्य आहे. पण आजच्या किती तरुण प्राध्यापकांविषयी ते लिहिता येईल?

२१/
इतिहासाची आवड असलेल्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला हे कळणे अवघड नाही. रायगडावर गेलेला प्रत्येक जाणता माणूस जगदीश्वराच्या मंदिरापाशी एका पायरीजवळ थबकतो, कारण तिच्यावर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाचे वैभव आपण गातो. पण सिंहासन ज्या चौथऱ्यावर उभे राहिले तो कोणी रचला, हे विचारायलाही आपणच शिकलो. गडाच्या इतिहासाला लावतो तोच न्याय विद्येच्या इतिहासाला लावा. २००२ हा राज्याभिषेक असेल, तर १९९१, १९९९ आणि २००१ या त्याच्या पायऱ्या आहेत. त्यांवर बिस्वास, भट्टाचार्जी, पांडे ही नावे आहेत. थबकून वाचा.

२२/
तुमच्यापैकी काही जण उद्या संशोधनाची किंवा अध्यापनाची वाट धरतील. सैद्धांतिक संगणकशास्त्राचीही धरतील. त्यांना एवढेच सांगणे: या वाटेवर बहुतेक वर्षे रिकामी वाटतात. अटकळी चुकतात. तुमचा प्रश्न कदाचित तुमच्या विद्यार्थ्याच्या हातून सुटेल, कदाचित त्याच्या विद्यार्थ्याच्या. ते आयुष्य वाया गेलेले नसते. आणि जे या वाटेला जाणार नाहीत, त्यांनी निदान मतदार आणि पालक म्हणून आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन एक प्रश्न विचारावा: इथे कायम शिक्षक किती आहेत? उत्तर ऐकून मग देशातून मोठे शोध का निघत नाहीत, या चर्चेला बसावे.

२३/
धागा इथे संपवतो. ज्यांना माझे म्हणणे पटले नाही त्यांनी जरूर प्रतिवाद करावा. फक्त तो तारखा आणि पुरावे घेऊन करावा. ‘प्रतिभा कुठेही उगवते’ हे वाक्य पुरावा म्हणून चालणार नाही. ती उगवते हे खरेच, पण वर्षानुवर्षे पाणी कोणी घातले, हे सांगण्याची जबाबदारी इतिहास लिहिणाऱ्याची असते.